मुंबई ते लंडन : दोरा, घड्याळ आणि विमान

बालमित्रांनो, एक कोडं घालते. हिवाळ्यातल्या एका दुपारी २ वाजता मुंबईहून विमान निघालं आणि त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता लंडनला उतरलं. प्रवास किती तासांचा झाला?

"चार तासांचा!" असं म्हणालात ना? फसलात! प्रवास झाला साडेनऊ तासांचा. मग साडेपाच तास गेले कुठे?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. लंडनजवळचं ग्रिनिच शून्य रेखांशावर आहे आणि आपली घड्याळं ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. आता ८२.५ ला १५ ने भागा. आले ना साडेपाच? आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजतात, तेव्हा तिथे संध्याकाळचे सहाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

आता अंतर मोजू. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ दक्षिण तुर्कस्तानवरून जाते. पण पृथ्वी काही चपाती नाही! शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो आणखी उत्तरेला सरकून इराण, काळा समुद्र, जर्मनी असा जाईल. हाच सर्वांत जवळचा मार्ग. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर दोरा सुमारे १७ सेंटिमीटर भरेल. विषुववृत्ताभोवती तोच दोरा ९४ सेंटिमीटर लागतो, म्हणजे ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडा, उत्तर येईल सुमारे ७,२०० किलोमीटर.

विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे आठ तास पुरे, होय ना? नाही! चढता-उतरताना वेग कमी असतो. शिवाय खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून अडवतात, येताना पाठीवर घेतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर उरकतो.

आणि आकाशालाही कुंपण असतं बरं का! फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. अशा वेळी वळसा पडतो, इंधन जास्त जळतं, आणि विमानतळावर वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांना आणखी थोडं ताटकळावं लागतं.

तरी आपण भाग्यवानच! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्यांचं विमान मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते लंडनला पोचलं १० जूनला!

आता तुमची पाळी. हिवाळ्यात रात्री ९ वाजता लंडनहून निघालेलं विमान नऊ तास उडालं. मुंबईत उतरलं तेव्हा आपल्या घड्याळात किती वाजले असतील? आई-बाबांनाही विचारा. बघू या, आधी कोण सांगतं!