दादर महागली, ती तोंडं वाढली म्हणून?

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे वर्षाचं धान्य भरायची लगबग असते. दादर ज्वारीचा भाव ऐकला की कुणीतरी म्हणतंच, "माणसं किती वाढली, धान्य महागणारच!" मला हे सहन होत नाही. यात दोष शेवटी गरिबाच्या लेकरांवर जातो.

गैरसमज : माणसं वाढली, तेवढं धान्य वाढलं नाही.
1951 साली देशात 36 कोटी लोक होते आणि धान्य पिकत होतं सुमारे 5 कोटी टन. तेव्हापासून लोक चौपट झाले. धान्य मात्र सहापटीहून अधिक, 2022-23 मध्ये जवळपास 33 कोटी टन. शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतात.

गैरसमज : दादर महागली, कारण खाणारे वाढले.
खरं तर पेरणारे घटले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या ओलीवर दादर येते. पण खानदेशाच्या याच मातीला कापसाने 1860 च्या दशकातच ओढलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे भाव चढले होते. पुढे केळी आली, मका आला. दादरला पाखरं राखायची, कापणीला मजूर शोधायचे; मका मळणीयंत्रातून लवकर मोकळा होतो. तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो, अलीकडे इथेनॉललाही. चार पैसे देणारं पीक घेणाऱ्या शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही. पण भाकरीचं रान कमी झालं, हे तर खरं.

गैरसमज : दुष्काळात धान्य नसतं, म्हणून माणसं उपाशी राहतात.
1972 चा दुष्काळ पाहिलेल्यांना वाटलेला सुकडीचा खाऊ आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आठवते. पीक बुडालं आणि त्याबरोबर मजुरीही बुडाली; हातात पैसा नसला तर दुकानातलं धान्य काय कामाचं? मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या मजुरीनेच चुली पेटल्या, आणि त्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा झाला.

गैरसमज : आता रेशन फुकट आहे, गरिबाला महागाईची झळ नाही.
जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे खरं, पण मिळतं मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, तेल, दादर बाजारभावानेच घ्यायची. आणि लाभार्थ्यांची संख्या अजून 2011 च्या जनगणनेवरच बांधलेली आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं त्या हिशेबात नाहीत.