खर्जाची पारख

खर्जासाठी सिंथेसायझर पारखायचा असेल, तर आधी त्यातलं जवळजवळ सगळं बंद करावं. यंत्र चालू केलं की कंपनीने भरून दिलेले आवाज समोर येतात. त्यात डिले असतो, कोरस असतो, दोन-तीन ऑसिलेटर एकमेकांवर चढवलेले असतात. ऐकताना मन भरतं, पण तळ कसा आहे ते कळत नाही. म्हणून मी एकच ऑसिलेटर ठेवतो, सॉ वेव्ह लावतो, फिल्टर पूर्ण उघडतो आणि बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर धरतो: खालचा ई, ४१.२ हर्ट्झ. मग कटऑफचा नॉब अगदी सावकाश डावीकडे आणायचा. वरची झळाळी जाते, मग मधला करकरीतपणा जातो आणि शेवटी काय उरतं ते ऐकायचं. काही यंत्रांत भरीव, गोल सूर उरतो. काहींत नुसती घुमघुम उरते, सूर कोणता ते सांगता येत नाही.

मला सिंथ नाटकांच्या पार्श्वसंगीतासाठी हवा होता. संवादाखाली धरून ठेवायचा खर्ज हे अवघड काम आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या खाली राहायचं, त्याला गढूळ करायचं नाही, आणि तरीही शेवटच्या रांगेतल्या माणसाला काहीतरी जड हलतंय हे जाणवलं पाहिजे. मुंबईत एका संगीतकार मित्राच्या स्टुडिओत चार यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली होती: मिनिमूगची नव्याने काढलेली आवृत्ती, त्याच कंपनीचा सबसिक्वेंट ३७, नोव्हेशनचा बेस स्टेशन २ आणि रोलँडचा जुना एसएच-१०१. त्यामुळे तुलना एकाच खोलीत, एकाच स्पीकरवर करता आली.

खोली एकच असणं महत्त्वाचं असतं. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत सव्वाआठ मीटरहून थोडी लांब असते. छोट्या खोलीत ती भिंतींवरून परतून स्वतःलाच भेटते, कुठे दुप्पट होते, कुठे विरून जाते. खुर्ची दोन हात मागे सरकवली तरी यंत्र बदलल्यासारखं वाटतं. आवाजाची पातळीही सारखी करून घ्यावी लागते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं होतं की कमी आवाजात आपला कान खालचे सूर फार कमी ऐकतो. जे यंत्र थोडं मोठ्याने वाजतं तेच खोल वाटतं, आणि खरेदी करताना माणूस फसतो तो बहुधा इथे.

मिनिमूग मी सर्वांत जास्त वेळ वाजवला. १९७० साली आलेल्या या यंत्राचा जीव त्याच्या फिल्टरमध्ये आहे. रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचल्या आणि चार टप्प्यांत मिळून कटऑफच्या वरचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरवला. पार्लमेंट या बँडच्या ‘फ्लॅश लाइट’मध्ये बर्नी वॉरेलने वाजवलेला तो लवचिक, रुंद बेस याच जातीचा. पण रेझोनन्स वाढवत नेला की शिटी वर येते आणि तळ खचतो.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फिल्टरमधून बाहेर आलेला आवाज उलटा करून पुन्हा आत सोडला की रेझोनन्स तयार होतो. कटऑफपाशी प्रत्येक टप्पा लाटेला ४५ अंश मागे ढकलतो. चार टप्प्यांत ती पुरती उलटते, त्यामुळे परत आलेली लाट मूळ लाटेत मिळते आणि तिथला आवाज फुगतो. अगदी खालच्या सुरांना मात्र हा उशीर होत नाही. त्यांच्या बाबतीत परत आलेली उलटी लाट मूळ लाटेतून वजा होते. फिल्टर स्वतःच गाऊ लागण्याच्या बेताला आला की गणिताप्रमाणे तळाचा जोर मूळच्या एक-पंचमांशावर येतो. शिडीची रचना असलेला सिंथ घेणाऱ्याने रेझोनन्सचा नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवून तळ किती जातो ते ऐकलंच पाहिजे.

दुसरी परीक्षा दोन ऑसिलेटरची. जाड आवाजासाठी दोन ऑसिलेटर किंचित बेसूर ठेवायचे, हा सल्ला सगळेच देतात. वरच्या सप्तकात तो बरोबर आहे. खर्जात तो घात करतो. ४१ हर्ट्झवर दहा सेंटचा फरक ठेवला, तर दोन्ही लाटा साधारण चार सेकंदांतून एकदा अगदी समोरासमोर येतात आणि त्या क्षणी मूळ सूर गळून पडतो. नेमका तिथेच नाटकातला महत्त्वाचा शब्द आला तर खालची जमीन निघून गेल्यासारखी वाटते. एसएच-१०१मध्ये मुख्य ऑसिलेटर एकच आहे, तरी त्याचा तळ ठाम लागतो. त्याचा सब-ऑसिलेटर मुख्य सुराचीच कंपनं निम्मी किंवा पाव करून घडवलेला असतो, म्हणून दोघे एकमेकांपासून कधी सरकत नाहीत. ऑसिलेटर किती आहेत हे मोजून यंत्र निवडणाऱ्यांनी हे छोटं करडं यंत्र एकदा जरूर ऐकावं.

सूर सुरू कसा होतो तेही पाहायचं. डग्ग्यावर ‘घे’ वाजवताना मनगट सरकतं, सूर वळतो, आणि खोली जाणवते ती त्या वळणातून. सिंथमध्ये हे काम एन्व्हलप आणि ग्लाइड करतात. एन्व्हलप मंद असेल तर ठोका बोथट होतो. १२० च्या लयीत अर्ध्या मात्रेच्या सुरात ४१ हर्ट्झची जेमतेम दहा कंपनं मावतात. त्यातली पहिली दोन-तीन वाया गेली तर सूर ओळखू यायला उरतं काय?

ग्लाइडचा विषय निघाला की मला चरणजित सिंग आठवतात. त्यांनी १९८२ साली मुंबईत ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. टीबी-३०३ हे बेस गिटारची जागा घ्यायला काढलेलं यंत्र. सब-ऑसिलेटर नाही, तळ फार खोल नाही. पण त्याचा सूर एकातून दुसऱ्यात घसरतो तो मींडेच्या इतका जवळ जातो की त्या तबकडीवर यंत्र रागात परकं वाटत नाही. शिकागोत फ्यूचर या गटाने याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं ते पुढे १९८७ मध्ये.

शेवटची अडचण स्पीकरची. अनेक छोट्या नाट्यगृहांत ४१ हर्ट्झ धड पोहोचतच नाही. तिथे कानाची एक सवय उपयोगी पडते: मूळ सूर गायब असला तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांश ऐकू आले की मेंदू तळ स्वतः भरून काढतो. फिल्टरआधी किंवा नंतर आवाज थोडा तापवला, म्हणजे ओव्हरड्राइव्ह दिला, की हे स्वरांश वाढतात. मिनिमूगमध्ये हेडफोनचं आउटपुट बाहेरच्या इनपुटात परत घालण्याची जुनी युक्ती आहे. सबसिक्वेंट ३७मध्ये त्यासाठी मल्टिड्राइव्हचा वेगळा नॉब आहे आणि तो फार सुंदर काम करतो.

आवाज म्हणून मला मिनिमूगच सर्वांत आवडला, हे आजही म्हणेन. पण त्यात केलेली मांडणी साठवता येत नाही, आणि दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात इतके नॉब जागेवर आणणं शक्य नाही. मी बेस स्टेशन २ घेतला. त्याचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, त्यामुळे थंड सभागृह प्रेक्षकांनी भरून तापलं तरी सूर हलत नाही. त्याच्या सब-ऑसिलेटरला साइन वेव्ह आहे, आणि संवादाखाली जायला तिच्याइतकी स्वच्छ लाट दुसरी नाही. पट्टीवर ८२ हर्ट्झचा ई धरतो, सब खाली ४१ वर बसतो, कटऑफ २०० च्या आसपास, रेझोनन्स शून्य, दुसरा ऑसिलेटर बंद. ओव्हरड्राइव्ह मात्र प्रत्येक नाट्यगृहात नव्याने ठरवतो. नटाला रंगमंचावर उभं करून त्याचं सर्वांत हळू बोललं जाणारं वाक्य म्हणायला लावतो, मागच्या रांगेत बसतो, आणि त्यातलं एखादं अक्षर बुडायला लागलं की नॉब थोडा मागे घेतो.