मराठवाड्याचं पहिलं निवडून आलेलं सरकार हैदराबादेत बसलं!

तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली; आधी लष्करी प्रशासन आलं, मग 1950 पासून सनदी अधिकारी एम. के. वेलोडी मुख्यमंत्री. लोकांनी निवडलेलं सरकार मात्र अजून यायचं होतं.

ते आलं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. अक्षरओळख नसलेली बाई बैलजोडी ओळखायची आणि त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. शिक्का नाही, खूण नाही!

विधानसभेच्या 175 जागांपैकी काँग्रेसला 93, कम्युनिस्टांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला 42, शेकापला 10. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी विक्रमी मतांनी लोकसभेत गेले. आपले स्वामी रामानंद तीर्थ गुलबर्ग्यातून निवडून आले.

6 मार्च 1952 रोजी बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. ते पुण्याच्या फर्ग्युसनचे विद्यार्थी! गृहमंत्री दिगंबरराव बिंदू आणि सभापती काशीनाथराव वैद्य, दोघेही मराठी.

हैदराबादला गेलात तर बाग-ए-आममधली विधानसभेची पांढरी इमारत जरूर पाहा. मराठवाड्याचे पहिले आमदार तिथेच बसले होते.