स्पिरिटबॉक्सची पहिली ईपी: रेकॉर्ड कंपनीशिवाय घडलेले प्रोग्रेसिव्ह मेटलकोर

स्पिरिटबॉक्स या कॅनेडियन बँडची पहिली ईपी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. तिला बँडचेच नाव होते आणि ती कोणत्याही रेकॉर्ड कंपनीने नव्हे, बँडनेच काढली होती. तेव्हा हा बँड म्हणजे मुख्यतः दोन माणसे: गायिका कोर्टनी लाप्लांट आणि गिटारवादक माइक स्ट्रिंगर. दोघे पतिपत्नी, राहायला कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकूव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात. ईपी म्हणजे सुट्या गाण्याहून मोठे आणि पूर्ण अल्बमहून लहान असे प्रकाशन. नव्या बँडला परवडणारे आणि तरीही आपली ओळख नीट मांडता येणारे हेच माप असते. चार वर्षांनी याच बँडचा पहिला पूर्ण अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत १३ व्या क्रमांकावर पोहोचला. त्या यशाची चर्चा खूप झाली. पण या बँडचे संगीत कसे घडले हे समजून घ्यायचे तर २०१७ च्या या ईपीकडेच जावे लागते.

ही ईपी ज्या शैलीत मोडते तिला प्रोग्रेसिव्ह मेटलकोर म्हणतात. त्यातला मेटलकोर हा हार्डकोर पंक आणि हेवी मेटल यांच्या मिश्रणातून १९९० च्या दशकात अमेरिकेत घडला. क्लीव्हलंडचा इंटेग्रिटी आणि सिराक्यूजचा अर्थ क्रायसिस हे सुरुवातीचे बँड. हार्डकोरने या संगीताला थेटपणा, छोट्या सभागृहांतली जवळीक आणि ब्रेकडाउन दिले. ब्रेकडाउन म्हणजे गाण्याचा वेग अचानक निम्म्यावर येऊन गिटार आणि ड्रम एकाच जड ठोक्यावर चालू लागतात तो भाग. प्रेक्षकांमध्ये खरी उसळी येते ती तेव्हाच. मेटलने दिले ते वादनातले कौशल्य आणि गिटारचा भरीव ध्वनी. किलस्विच एंगेज या बँडच्या २००२ च्या ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ या अल्बमनंतर कडव्यात किंकाळी आणि ध्रुवपदात सुरेल गाणे ही रचना इतकी रूढ झाली की पुढे शेकडो बँडनी तीच वापरली. याच काळात कन्व्हर्ज, बॉच आणि डिलिंजर एस्केप प्लॅन हे बँड त्याच मुळांतून अधिक गुंतागुंतीचे, अनपेक्षित वळणांचे संगीत करत होते.

प्रोग्रेसिव्ह हा शब्द जोडला जातो तो या दुसऱ्या वाटेमुळे, आणि त्याहून जास्त स्वीडनच्या मेशुगा या बँडमुळे. उत्तर स्वीडनमधल्या उमेओ शहरातल्या या बँडने १९९५ च्या ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’मध्ये लयीचा जो विचार मांडला, तो आज या शैलीचा पाया आहे. मराठी वाचकाला तो तालाच्या भाषेत चटकन कळेल. तबल्यावर तीनताल चालू आहे, सोळा मात्रांचे आवर्तन ठरल्याप्रमाणे फिरते आहे आणि गिटारवर पाच मात्रांचा एक बोल पुन्हा पुन्हा वाजतो आहे, असे समजावे. पहिल्या आवर्तनात तो बोल तीनदा पूर्ण होतो आणि एक मात्रा उरते. त्यामुळे पुढच्या समेवर बोलाचा पहिला नव्हे, दुसरा ठोका पडतो. दर आवर्तनाला हे अंतर सरकत जाते आणि ऐंशी मात्रांनंतर, म्हणजे पाच आवर्तने संपल्यावर, दोघांची सम पुन्हा जुळते. मेशुगाचा ड्रमर झांजेवर साधा चार मात्रांचा ठेका धरून ठेवतो, तर पायाचा ड्रम गिटारच्या विषम बोलाबरोबर जातो. बहुतेक वेळा बँड पूर्ण जुळणीची वाट पाहत नाही. चार किंवा आठ आवर्तने झाली की शेवटचा बोल अर्ध्यावर तोडून तो समेवर येतो. नवख्या कानाला हा सगळा गोंगाट वाटतो, पण एकदा झांज मोजता आली की आतले गणित उलगडते आणि समेवर येण्याचा आनंद ओळखीचाच निघतो.

मेशुगाच्या या विचारातून २००० नंतर ‘जेंट’ म्हणून ओळखली जाणारी लाट आली. तिचा सर्वांत ठळक अल्बम म्हणजे अमेरिकेच्या पेरिफरी बँडचा २०१० चा पहिला अल्बम. त्याचा कर्ता मिशा मन्सूर याने आधी कित्येक वर्षे घरी संगणकावर रेकॉर्ड केलेले तुकडे इंटरनेटवर टाकून श्रोते मिळवले होते. लयीची गुंतागुंत, अगदी खालच्या सुरात लावलेली गिटार, मागे तरंगणारे कीबोर्डचे किंवा इलेक्ट्रॉनिक थर आणि मेटलकोरची किंकाळी व गाण्याची जोडी, एवढे एकत्र आले की प्रोग्रेसिव्ह मेटलकोर होतो.

खालच्या सुराचा मुद्दा फक्त आवडीचा नाही, त्यात भौतिकशास्त्रही आहे. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. सात तारांच्या गिटारवर ही मर्यादा सुमारे ६२ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि आठ तारांच्या गिटारवर ४६ पर्यंत. तार नुसती सैल करून हे साधत नाही. सैल तार फडफडते आणि सूर डगमगतो. म्हणून तार जाड लागते आणि गिटारची मानही लांब लागते. इतक्या खाली सगळ्या तारा एकदम छेडल्या तर आवाजाचा गाळ होतो. त्यामुळे वादक तळहाताची कड तारांवर टेकवून आखूड, दबलेले ठोके देतात आणि दोन ठोक्यांमधली शांतता नॉइज गेट नावाच्या उपकरणाने कापून काढतात. या संगीतात शांततासुद्धा वाजवावी लागते. स्ट्रिंगरच्या वादनातले सर्वांत मोठे बळ हेच आहे: ठोका कुठे थांबवायचा हे त्याला नेमके कळते.

लाप्लांट आणि स्ट्रिंगर नवशिके नव्हते. दोघे आधी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या ‘आय रेसल्ड अ बेअर वन्स’ या बँडमध्ये होते. २०१२ मध्ये त्या बँडची गायिका दौऱ्याच्या मध्यातच बाहेर पडली आणि लाप्लांट तिच्या जागी आली. ‘लेट फॉर नथिंग’ (२०१३) आणि ‘हेल मेरी’ (२०१५) हे अल्बम तिच्या आवाजात झाले. तो बँड एकाच गाण्यात जॅझ, इलेक्ट्रॉनिक आणि मेटल अशा उड्या मारण्यासाठी प्रसिद्ध होता. तंत्राची तालीम म्हणून ही शाळा उत्तम होती. पण तिथली ओळख दुसऱ्यांनी आधीच ठरवलेली होती. लाप्लांटला तिथे बदली गायिका म्हणूनच मोजले गेले, हे तिच्या क्षमतेवर अन्यायाचे होते. तो बँड थांबल्यावर दोघांनी व्हिक्टोरियात स्वतःचे काम सुरू केले. नाव घेतले स्पिरिट बॉक्स या यंत्राचे. भुतांचा शोध घेणारे लोक ते वापरतात. हे यंत्र रेडिओची स्टेशने भराभर बदलत राहते आणि त्या तुटक आवाजांत मृतांचे शब्द ऐकू येतात, असा त्यांचा समज असतो.

व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी असली, तरी बँडसाठी ती सोयीची जागा नाही. मुख्य भूमीवर कार्यक्रम करायचा तर वाद्ये आणि गाडी घेऊन दीड तासाहून अधिक वेळ फेरीने जावे लागते आणि येण्याजाण्याचे भाडे वेगळे. त्यामुळे जुन्या पद्धतीने, म्हणजे गावोगावी वाजवत हळूहळू नाव कमावणे, या जोडप्याला महाग पडले असते. त्यांनी आधी ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ इंटरनेटवर आणण्याचा मार्ग घेतला, तो परिस्थिती नीट ओळखून.

त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी हा मार्ग खुला नव्हता. मेटलचे ध्वनिमुद्रण खर्चिक होते ते ड्रममुळे. मोठी खोली, डझनभर मायक्रोफोन आणि जाणता ध्वनितंत्रज्ञ यांशिवाय ड्रम नीट उतरत नसत. खऱ्या ड्रमचे एकेक ठोके आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली सॉफ्टवेअर आली, तेव्हा घरी बसून ड्रमची रचना करता येऊ लागली. गिटारच्या अँपचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज हुबेहूब देणारी डिजिटल उपकरणे आल्याने शेजाऱ्यांना न उठवता रात्री काम करता येऊ लागले. बँडकॅम्प हे संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झाले. तिथे बँड स्वतःची किंमत ठरवून थेट श्रोत्याला संगीत विकतो आणि संकेतस्थळ डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा घेते. स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणी पोहोचवणाऱ्या वितरण कंपन्याही थोड्या शुल्कात कुणालाही उपलब्ध झाल्या.

यात पैशाहून मोठी गोष्ट आहे मालकीची. रेकॉर्ड कंपनी ध्वनिमुद्रणासाठी जी आगाऊ रक्कम देते, ती बँडच्या पुढच्या मानधनातून वसूल होते आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे जातो. पहिले काम स्वतः काढले की हा हक्क बँडकडे राहतो. शिवाय गाणे कधी काढायचे, मुखपृष्ठ काय ठेवायचे, व्हिडिओ कसा करायचा, हे ठरवायला तिसरे कुणी नसते. जोखीमही अर्थात सगळी आपलीच. गाण्यांकडे कुणी फिरकले नाही, तर झालेला खर्च अंगावर पडतो.

ईपी ऐकताना हे स्वातंत्र्य कानाला जाणवते. ‘द मारा’, ‘१०:१६’, ‘द ब्युटी ऑफ सफरिंग’, ‘एव्हरीथिंग्ज इव्हेन्चुअल’ अशी गाण्यांची नावे आहेत. शेवटचे नाव स्टीफन किंगच्या २००२ च्या कथासंग्रहाचेही आहे आणि बँडच्या नावातला भयकथेचा सूर त्यात पुढे चालतो. स्ट्रिंगरचे जड, तुटक रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) आणि त्यांच्यामागे पसरलेले इलेक्ट्रॉनिक थर यांच्यात लाप्लांटचा आवाज सतत ये-जा करतो. जुन्या बँडमधल्या उड्या इथे नाहीत. विरोध आहे तो दोनच टोकांचा, कोमल आणि कठोर, आणि दोन्ही एकाच गळ्यातून येतात. अनेक मेटलकोर बँडमध्ये किंचाळणारा एक आणि गाणारा दुसरा असतो. इथे तसे नसल्यामुळे कडवे आणि ध्रुवपद ही दोन माणसांची बाजू न राहता एकाच मनाची दोन रूपे होतात. ईपीचे सर्वांत मोलाचे देणे हेच आहे.

ही किंकाळी म्हणजे नुसते ओरडणे नव्हे. घशात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, तिला आभासी स्वरतंतू म्हणतात. बोलताना तिचे काम जवळजवळ नसते. पोटातून नियंत्रित श्वास देऊन ही जोडी कंप पावू दिली की खोल गुरगुर निघते. दुसऱ्या पद्धतीत खरे स्वरतंतू आवळून त्यांतून अगदी थोडी हवा सोडली जाते आणि किरकिरता, उंच आवाज येतो. चुकीच्या सरावाने गळा कायमचा बिघडू शकतो, म्हणून हे शिकवणारे गुरू आता आहेत. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांची ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही २००५ ची शिकवणी या पिढीत सर्वज्ञात आहे. स्त्रियांनी असे गाणे नवे नव्हते. आर्च एनिमीची अँजेला गॉसो आणि वॉल्स ऑफ जेरिकोची कँडेस कुक्सुलेन यांनी वाट आधीच मोकळी केली होती. लाप्लांटचे वेगळेपण आहे ते एका श्वासातून दुसऱ्यात जाताना सांधा न दिसू देण्यात.

तरी ईपीत उणिवा आहेत. काही गाण्यांत कल्पनांची दाटी होते. एक ओळ मनात रुजण्याआधी दुसरी येते आणि सुरेल भाग कधीकधी मुळापासून वाढलेला न वाटता वरून जोडलेला वाटतो. पुढच्या कामात हेच दुरुस्त झालेले दिसते. २०१९ च्या ‘सिंगल्स कलेक्शन’मध्ये बँडने एकेका गाण्यावर स्वतंत्रपणे मेहनत घेतली. जुलै २०२० मध्ये, जग घरात अडकलेले असताना, ‘होली रोलर’ हे गाणे आले आणि बँडचे नाव खऱ्या अर्थाने पसरले. याच काळात पेल कॉर्ड आणि राइज रेकॉर्ड्स या कंपन्यांची साथ मिळाली. बासवादक बिल क्रूक आणि ड्रमर झेव्ह रोझ यांच्यासह केलेला ‘इटर्नल ब्लू’ हा अल्बम १७ सप्टेंबर २०२१ ला आला. २०२४ च्या ग्रॅमीसाठी ‘जेडेड’ आणि २०२५ च्या ग्रॅमीसाठी ‘सेलर डोअर’ या गाण्यांना मेटल विभागात नामांकन मिळाले. कंपनी आली ती ओळख पक्की झाल्यानंतर, आणि त्यामुळे ती ओळख कुणाला बदलावी लागली नाही.

घरातून सुरुवात करण्याची ही रीत भारतातही त्याच सुमाराला, किंबहुना थोडी आधीच रुजली होती. दिल्लीच्या केशव धरने घरच्या स्टुडिओत सुरू केलेल्या स्कायहार्बरचा पहिला अल्बम २०१२ मध्ये आला. त्यातल्या एका भागात इंग्लंडचा डॅनियल टॉम्पकिन्स गातो, तर दुसऱ्या भागातली कठोर गायकी मुंबईच्या भयानक मौत बँडच्या सुनीत रेवणकरची आहे. मुंबईच्या गॉडेस गॅग्ड या बँडमधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी पुढे स्कायहार्बरमध्ये गेले.

या शैलीशी ओळख नसलेल्या श्रोत्याने स्पिरिटबॉक्सची २०१७ ची ईपी आधी ऐकावी आणि ‘इटर्नल ब्लू’ नंतर. पहिल्यांदा ऐकताना फक्त झांजेचा ठेका धरावा, दुसऱ्यांदा फक्त आवाज ऐकावा.