बिनबातमीचा आठवडा

फाल्गुनाचा शुक्लपक्ष लागला आणि आमच्या कचेरीत मथळ्यांचा दुष्काळ पडला. ना कोणी राजीनामा दिला, ना कोणी पक्ष बदलला. गोव्याच्या राजकारणात असा आठवडा क्वचितच उगवतो. वार्तासंपादक चिंतेत होते. आम्ही मात्र, खरे सांगायचे तर, मनातून सुखावलो होतो. बातमी नसते तेव्हा माणसे काय करीत असतात, हे पाहण्याची सवड वर्तमानपत्राच्या धंद्यातल्या माणसास एरवी मिळत नाही.

पहाटे पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा अजून किंचित गारवा असतो. दहा वाजेपर्यंत तो पार निघून जातो. परसातल्या मानकुरादाचा मोहोर गळून बारीक तोरे धरली आहेत. वाऱ्याने पडलेली पोरे पळवतात. घरातल्या बायकांचा डोळा मिस्कुटावर असतो, त्यामुळे अंगणात रोज एक लहानसे युद्ध होते. डोंगरउतारावर काजूचे बोंडू पिकू लागले आहेत आणि संध्याकाळी वारा फिरला की त्यांचा तो आंबूसगोड वास थेट रस्त्यापर्यंत येतो. काजू हा मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो इकडे आणला. त्यांच्या साडेचारशे वर्षांच्या राजवटीचा जमाखर्च मांडताना ही एक नोंद जमेच्या बाजूस करावीच लागते. पहिल्या हुर्राकाची चव घेणाऱ्यांनी ती एव्हाना घेतली असेलच. त्याविषयी अग्रलेखाच्या जागेत अधिक लिहिणे बरे दिसणार नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. मिरचीचे लाल ढीग, नव्या मिठाच्या टोपल्या, केळी, मातीची भांडी या साऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत असता एका कोपऱ्यावर पाऊल आपोआप थबकले. सुरंगी आली होती! या फुलाचे नाव घेतले की परगावी गेलेल्या गोवेकराचा आणि मालवण्याचा गळा भरून येतो, आणि ज्याने ती कधी हुंगलेली नाही त्यास ती कशी असते हे सांगता येत नाही. खोडाला आणि फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस लागतात. ऊन चढले की कळ्या उमलतात व मधमाश्यांची झुंबड उडते. म्हणून अंधार पुरता फिटण्यापूर्वीच झाडावर चढावे लागते. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीसारख्या गावांत या दिवसांत घरेच्या घरे या कामी लागलेली असतात. वळेसर सुकला तरी वास जात नाही. आमच्या आईच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत गेल्या वर्षीचा वळेसर सापडायचा आणि पेटी उघडली की फाल्गुन परत यायचा.

वळेसर विकणारी बाई पेडण्याकडची होती. या खेपेस माल थोडा का, असे विचारले. "झाडां दोनच उरलीं," ती म्हणाली. तिसरे ज्या भाटात होते ते भाट विकले गेले, आता तेथे कुंपण आहे. तक्रारीचा सूर नव्हता. हात वळेसर गुंफतच होते. पेडणे तालुक्यात जमिनीचे भाव कसे चढत गेले आहेत हे आम्ही बातम्यांतून नित्य छापतो. त्या भावात एक सुरंगीचे झाड कोणत्या रकान्यात धरायचे, हे मात्र आम्हांस कधी सुचलेले नव्हते. दोन वळेसर घेतले. तिने तिसरा बळेच हातावर ठेवला.

तत्पूर्वी, बुधवारी, टपालाने एक लग्नपत्रिका आली होती. हल्ली पत्रिका भ्रमणध्वनीवरच धाडण्याची चाल पडली आहे. परंतु वधूपिता जुन्या वळणाचे, निवृत्त शिक्षक. कोपऱ्यास हळदीकुंकवाचे बोट, शिरोभागी कुलदेवतेचे नाव. पत्रिका उलटसुलट करून पाहण्याची सवय आम्हांस वडिलांकडून आली. सालाझारच्या राजवटीत गोव्यात काही छापायचे तर ते आधी सेन्सॉरपुढे ठेवावे लागे, आणि लग्नाचे आमंत्रणही त्यातून सुटत नसे. बापाने मुहूर्त काढावा, काका-मामांची नावे मानाप्रमाणे लावावीत, आणि तो कागद आधी सरकारी माणसाने वाचावा. मगच खिळ्यांवर शाई चढावी! सभेला जशी बंदी, तशीच ही मुलीच्या लग्नावरची नजर. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली ती घटना इतिहासात नोंदली गेली. अशा पत्रिकांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आग्वादच्या तुरुंगात दिवस काढलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या लहानपणी घरी येत. तुरुंगात सर्वांत अधिक वाईट कशाचे वाटे, असे एकदा आम्ही त्यांना विचारले. मार, उपास, एकान्तवास असे काही ऐकण्याची आमची तयारी होती. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शिगम्याला घरी नव्हतो."

तेव्हा हे उत्तर आम्हांस फारच किरकोळ वाटले होते. आता दरवर्षी या आठवड्यात ते आठवते. पौर्णिमेला अजून चार दिवस आहेत. वाड्यावाड्यांवर माळ्यावरचे ढोल खाली उतरले आहेत, त्यांना ऊन दाखवून कातडी ताणली जात आहेत. पुणे-बंगळूरकडे नोकरीस असलेली मुले रजा काढून येऊ लागली आहेत. पणजीतील चित्ररथांच्या मिरवणुकीचा झगमगाट वेगळा. ती पाहण्यास आम्हीही जातो. मात्र तेथे आपण दोरीच्या अलीकडे उभे असतो. मांडावर नमन सुरू झाले की पाहणारा असा कोणी उरतच नाही, सगळेच खेळगडी. आणि कोठे जमावे, किती वाजेपर्यंत वाजवावे, हे विचारण्यास कोणाच्या कचेरीत जावे लागत नाही.

हे लिहीत असता लांबून ढोल ऐकू येत आहे. हात अजून बसलेला नाही, ताल मधेच सुटतो आणि कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मेजावर सुरंगीचा वळेसर आहे, शेजारी ती पत्रिका. पहिल्या पानाच्या मथळ्याचे अद्याप ठरलेले नाही. रात्रपाळीच्या उपसंपादकाने पौर्णिमेपासून पाच दिवसांची रजा मागितली आहे; त्याच्या वाड्यावर ढोल त्याच्याच गळ्यात असतो. मंजूर केली.