शाळेचा बॅण्ड आणि वादकाची घडण

मुलाचे नाव शाळेच्या बॅण्डपथकात घातले गेले, की घरात आनंद होतो आणि त्याच्या मागोमाग काळजीही शिरते. स्वातंत्र्यदिनी गणवेश घालून आपले मूल संचलनात वाजवील, याचे आईला कौतुक. दहावीची परीक्षा तोंडावर येईल तेव्हा या वाजविण्याचा काय उपयोग, ही वडिलांची चिंता. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून बॅण्डमध्ये मूल वादक म्हणून कसे वाढते आणि त्या वाढीस घराने कसा हातभार लावावा, याचा थोडा विचार करणे उचित होईल.

आपल्या लोकांना ही विद्या परकी नाही. गोव्यातील चर्चच्या आश्रयाखालील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या धर्मशिक्षणाबरोबर सोल्फाचे धडे दिले गेले व गरीब घरच्या मुलांच्या हाती व्हायोलिन आले. सोल्फाची स्वरनामेदेखील चर्चच्याच अंगणात जन्मली. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या बेनेडिक्टाईन संन्याशाने गायकमुलांना स्वर लवकर उमगावेत म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या स्तोत्रातील ओळींची आद्याक्षरे घेऊन ती बसविली. माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. या वातावरणात वाढलेला हा मुलगा पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामांकित व्हायोलिनवादक व वाद्यमेळ-रचनाकार झाला. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी भारतीय रागांवर आधारलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. १९७७ च्या एका चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे. २०१२ साली ते निवर्तले.

सर्वच मुले इतकी दूर जाणार नाहीत. जाण्याची गरजही नाही. परंतु पहिली पायरी सर्वांना एकच असते, आणि ती कंटाळवाणी असते. क्लॅरिनेट वा कॉर्नेट हाती आल्यावर मुलाला लगेच गाणे वाजवावेसे वाटते. चांगले शिक्षक मात्र त्याला एकच स्वर लांबवून, न डळमळता, धरावयास लावतात. यातून श्वास पोटातून घेण्याची सवय लागते, ओठांचे स्नायू बळकट होतात आणि कानाला स्वराचा खरेपणा कळू लागतो. घरी हा एकसुरी आवाज ऐकून कोणी हसू नये. बीज मातीखाली असते त्या काळासारखाच हा काळ आहे.

दुसरी पायरी ऐकण्याची. एकट्याने शुद्ध वाजविणारे मूल पथकात बेसूर होऊ शकते. कारण तेथे शेजाऱ्याच्या स्वराशी आपला स्वर जुळवावा लागतो आणि मोठ्या ढोलाच्या ठोक्याशी पाऊल. आपला भाग नसेल तेव्हा मात्रा मोजीत गप्प राहावे लागते. हे गप्प राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. एक मात्रा चुकली, तर पुढचा प्रवेश चुकतो व सारे पथक अडखळते.

येथेच पुष्कळ मुलांची उमेद खचते. "मला तिसऱ्या क्लॅरिनेटचा भाग दिला, गाण्याची चाल दुसराच वाजवितो," अशी तक्रार घेऊन मूल घरी येते आणि बॅण्ड सोडावयाचे म्हणते. अशा वेळी पालकांनी शाळेत जाऊन भांडू नये. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शरीराच्या अनेक अवयवांचा दाखला दिला आहे. डोळ्याने हाताला तुझी गरज नाही असे म्हणता येत नाही. त्याच पत्रात तो विचारतो, की रणशिंगाचा नाद अस्पष्ट निघाला तर लढाईस सज्ज कोण होईल? खालच्या स्वरांनी आधार दिला नाही, तर वरची चाल उघडी पडते. पुढच्या सरावाला जाऊन आपल्या मुलाचा भाग कोठे येतो, ते कान देऊन ऐका आणि घरी त्याविषयी त्याच्याशी बोला. आपले कोणीतरी ऐकले, एवढ्यानेही मूल टिकते.

घरी रोज वीस मिनिटे नेमाने सराव पुरे. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. वाजवून झाल्यावर क्लॅरिनेटची पत्ती पुसून वाळवावी, कॉर्नेटमध्ये साचलेले पाणी काढावे आणि दुसऱ्याने वापरलेले मुखपत्र धुतल्याखेरीज तोंडाला लावू नये. परीक्षेच्या वर्षी सरावाची वेळ शिक्षकांशी बोलून आवरती घ्यावी, पण वाद्य पेटीत बंद करू नये.

वादक व्यसनी होतात, ही भीतीही अनेक घरांत बोलली जाते. लग्नसमारंभात रात्री वाजविणाऱ्यांपुढे प्याला येतो, हे खरे. त्याचा इलाज वाद्य हिरावून घेण्यात नाही. कोणाबरोबर, कोठे व किती वाजेपर्यंत वाजवावयाचे, याची शिस्त घराने लहानपणीच घालून द्यावी.

शेवटी देवघराची गोष्ट. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये गोंगाटी वाद्यांस मनाई केली, परंतु बाहेरील मिरवणुकीत बिशपांच्या परवानगीने बॅण्डला वाव ठेवला. अट एवढीच, की ऐहिक गाणी वाजवू नयेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा मान राखून उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. तेव्हा शाळेत शिकलेला स्वर गावच्या सणाच्या मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेतही सेवेला लागू शकतो. २२ नोव्हेंबरला, संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, आपल्या गावच्या बालवादकांना मिस्सेनंतर एक भजन वाजवावयास बोलवावे. त्यांच्या हातून एखादा स्वर चुकला, तरी पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवावे.