दिवाळीनंतर वर्गात न दिसणारी मुलं : मेंढपाळ कुटुंबाचं एक वर्ष



व्यवसायांची ओळख करून देताना आपण मेंढपाळाबद्दल साधारण दोनच वाक्यं सांगतो. तो मेंढ्या पाळतो आणि चाऱ्याच्या शोधात रानोमाळ भटकतो. पहिलं वाक्य ठीक आहे. दुसऱ्यातला 'भटकतो' हा शब्द मात्र मला पटत नाही. माण, खटाव, फलटण, आटपाडी या भागातलं धनगर कुटुंब वर्षभर कुठे आणि का असतं, हे एकदा क्रमानं पाहिलं, तर आपल्या शाळेच्या वेळापत्रकाइतकंच पक्कं वेळापत्रक दिसतं. अडचण एवढीच, की ही दोन वेळापत्रकं एकमेकांना छेदतात. आणि जिथे छेदतात, तिथे एका मुलाचं शिक्षण अडकलेलं असतं.

वर्ष मृगापासून मोजू या. मृगाच्या आत मेंढरं गावाकडे परतलेली असतात. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचाच पडतो, पण माळावर कोवळं गवत उगवायला तेवढा पुरतो. मेंढीला असलाच माळ मानवतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या धो धो पावसात ती टिकत नाही. सतत ओल्या जमिनीवर उभी राहून खूर सडतात, रोग लागतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने कुटुंब घरी. पावसाच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचून घेतली जाते. थोडी जमीन असेल तर बाजरी, मटकी पेरतात. मुलं शाळेत येतात, आणि रोज येतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हिरवं गवत खाऊन मेंढ्या अंगानं भरल्या की फळतात. मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे 150 दिवसांचा. 10 जुलैला फळलेली मेंढी कधी विणार, हे चौथीच्या मुलांना काढायला सांगा. उत्तर 7 डिसेंबर येतं. म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर, वाटेवर. कोकरं वाटेवरच जन्मतात, हा या वर्षातला सगळ्यात नाजूक भाग आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

दसऱ्याच्या सुमाराला देवाचं होतं. कुणी आरेवाडीच्या बिरोबाला जातं, कुणी पट्टणकोडोलीला, जेजुरी तर सगळ्यांचीच. भंडारा उधळला जातो, ओव्या होतात, आणि याच दिवसांत कुठला वाडा कुठल्या वाटेनं जाणार ते ठरतं. इथे 'वाडा' म्हणजे चिरेबंदी घर नव्हे हं. एकत्र चालणाऱ्या पाच-दहा कुटुंबांच्या तळाला वाडा म्हणतात. शहरातल्या मुलांना हा शब्द नक्की सांगा. 'बकरी' या शब्दाचंही तसंच. काही भागांत धनगर मेंढीलाच बकरी म्हणतात आणि बकरीला शेळी किंवा शेरडू. मुलानं 'बकरी राखतो' लिहिलं म्हणून लगेच लाल शाई उचलू नका.

दिवाळी झाली की माळ वाळतो आणि वाडा उठतो. काही वाडे भीमा-नीरेच्या बागायती पट्ट्यात फिरतात, काही घाट उतरून रायगडकडे जातात. तिकडे तेव्हा भाताची कापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात. शेतकरी मेंढपाळाला आपणहून बोलावतो, कारण रात्रभर मेंढरं शेतात बसवली की लेंड्या आणि मूत यांचं खत आयतं पडतं. पूर्वी त्याबद्दल धान्य मिळायचं, आता बऱ्याच ठिकाणी रोख मिळते. म्हणजे हे चाऱ्याची भीक मागत हिंडणं नाही, हा सरळ व्यवहार आहे. कोणत्या शेतात किती रात्री, किती मेंढरं, काय दर, हे सगळं बोलून ठरतं. पुष्कळदा शेतकरीही वर्षानुवर्षांचे तेच असतात.

आता दिवस कसा जातो तो बघा. सकाळी बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादतात: भांडी, धान्य, अंथरुण, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी तान्हं मूल, आणि चालू न शकणारी कोकरं. त्या पुढच्या मुक्कामाला जाऊन चूल मांडतात, पाणी शोधतात. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. संध्याकाळी जाळीचं कुंपण, म्हणजे वाघर, उभारून कळप आत घेतात. लांडग्याची भीती असते, म्हणून कुत्री बाहेर.

आणि कोकरं? ती दिवसभर तळावर असतात, मुलांच्या ताब्यात. दिवेलागणीला कळप परतला की एकच कल्लोळ होतो. प्रत्येक आई आपलं पिल्लू हाकेवरून आणि वासावरून ओळखते, पण गर्दीत काही चुकतात, पहिलटकरीण एखादी पिल्लाला जवळच घेत नाही. तेव्हा कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे आठ-नऊ वर्षांची पोर बिनचूक सांगते आणि आचळाला लावून देते. दूध चुकलं तर कोकरू दगावतं, आणि कोकरू दगावलं तर घराची मिळकत जाते. कारण आज पैसा येतो तो कोकरं विकून, त्यातही नर. लोकरीचा पैसा जवळजवळ संपला आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड. वर्षातून दोनदा कातरावी लागते आणि कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. याच लोकरीचं घोंगडं चिंचोक्याची खळ देऊन विणतात, ते पावसात मेंढपाळाच्या अंगावर छपरासारखं असतं. पण घोंगडी घेणारे आता किती राहिलेत, आपल्या घरात शोधून पाहा.

म्हणजे घरातलं मूल वाड्यावर नेणं ही आईबापांची बेफिकिरी नसते, त्या हातांचं तिथे खरंच काम असतं. दिवाळीच्या आधी प्रत्येक घरात एक अवघड वाटणी होते: आजीजवळ गावी कोण राहणार आणि वाड्याबरोबर कोण जाणार? बहुतेकदा एक मुलगा शाळेसाठी मागे ठेवतात. मुलगी जाते, कारण कोकरं आणि धाकटं भावंडं तिच्याकडे असतात. आजी नसेल तर सगळीच जातात. आपल्या हजेरीपटावर याची नोंद 'सतत गैरहजर' एवढीच होते.

आपण शिक्षकांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचलेली असते. 1955 साली आलेल्या या कादंबरीतला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळानं वाडीच उठते. तिथे ते संकट म्हणून येतं. इथे शाळेच्या दृष्टीनं ते दरवर्षी कार्तिकात येतं. आणि दरवर्षी येणाऱ्या गोष्टीची तयारी करता येते.

पहिलं सत्र ही या मुलांची खरी शाळा. जून ते दिवाळी ती हातात असतात. भागाकार, अपूर्णांक, सलग वाचन अशा ज्या गोष्टी निसटल्या की पुढचं सगळं अडतं, त्या या मुलांपुरत्या तरी आधी घ्या. पाठ्यपुस्तकातला क्रम बदलला म्हणून काही बिघडत नाही. जिथे हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, तिथे दसऱ्याच्या आधीच पालकांशी बोला. वाडा उठल्यावर बोलून उपयोग नाही. बोलताना वडिलांइतकंच आईला आणि आजीला विचारा, कारण वाटणी त्याच करतात.

जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी पत्रक भरून द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला, या कारणावरून कुठल्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना साध्या भाषेत सांगा आणि पत्रकाच्या मागे लिहूनही द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना हुज्जत घालत बसावं लागणार नाही. आता जवळजवळ प्रत्येक वाड्यावर मोबाईल असतो. चार्जिंग मात्र शेतकऱ्याच्या घरी किंवा गावातल्या दुकानात होतं, त्यामुळे फोन दुपारी लागला नाही तर रात्री लावा.

घाटाखालच्या शाळांतल्या मित्रांनो, पौषात तुमच्या गावाच्या खाचरात वाडा दिसला तर एकदा चक्कर मारा. दुपारी जा, तेव्हा पुरुष रानात असतात, पण मुलं आणि कोकरं तळावर असतात. मूल शाळेत आलं तर त्याला पाढे म्हणायला लावण्याआधी गणित त्याच्याच कळपाचं घाला: 20 मेंढ्या, प्रत्येकीला एक कोकरू, चार दगावली, उरलेल्यांपैकी निम्मे नर, ते सगळे विकले, तर कळपात किती? तुमचा वर्ग पाटीवर वजाबाकी मांडेपर्यंत ते तोंडी उत्तर देईल. मग त्यालाच फळ्यावर बोलवा आणि ती वजाबाकी लिहायला शिकवा, कारण त्याला येत नाही ते फक्त लिहिणं.